एच रांग, सतरा

मुकादम म्हणाला, दस्तगीर, हे घे दोन पास.
खुर्च्या केल्यास, आता एकदा बसून बघ.

शनिवारी राबोडीतून चालत निघालो.
हमीदाच्या चपलेचा अंगठा जांभळी नाक्यावर तुटला,
चांभाराने दोन मिनिटांत टाका घातला,
मी टाका बघितला. बरा होता.
तलावपाळीवर होड्या, भेळ, पोरांची रडारड,
आणि समोर ते नाट्यगृह,
ज्यात मी तीन महिने मागच्या दाराने गेलो.

पुढचं दार पहिल्यांदाच.
दारावरच्या माणसाने पास फाडून अर्धा परत दिला,
मला ओळखलं नाही. बरोबर आहे,
तेव्हा माझ्या भुवयांवर जुन्या फोमचा भुगा असायचा.

आत हमीदा नुसती वर बघत राहिली,
मी खाली.
मला ही जागा खालूनच ठाऊक,
उताणं पडून, तोंडात चुका धरून.
आमच्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात,
दिवसाला पाचशे मारायच्या, एकही वाकडी नको.

खुर्चीच्या पोटात काय काय निघतं!
दगड झालेलं च्युइंगगम, केसांचे आकडे,
गजऱ्याचा नुसता दोरा,
'मध्यंतरात बाहेर ये' लिहिलेलं चिटोरं,
आणि एच सतराच्या फटीत एक किल्ली,
पितळी, निळ्या लोकरीचा गोंडा बांधलेली.
ऑफिसात दाखवली. साहेब म्हणाले, भंगार आहे, ठेव तुलाच.

त्या रात्री कुणीतरी नाटकातली वाक्यं घोळवत घरी गेलं असेल
आणि दारात उभं राहून खिसे उलटे केले असतील.
शेजाऱ्यांना उठवलं असेल? कुलूप तोडलं असेल?
मी बरेच दिवस त्या पायरीवर त्याच्याशेजारी बसून होतो.

तिसरी घंटा.
अंधार झाला तसा हमीदाने माझा हात धरला,
घरातली लाइट गेल्यावर धरते तसा.
पडदा सरकला, आणि मला ऐकू आली
अब्बांच्या पिंजणाची तात.
खोटं कशाला सांगू, मला कशातही तीच ऐकू येते.
टंग् टंग् करत गल्लोगल्ली फिरायचे,
लोकांच्या गाद्यांतला घट्ट झालेला कापूस मोकळा करायचे.
म्हणायचे, माणूस ज्याच्यावर झोपतो
ते त्याने आतून कधी बघितलेलं नसतं.

रंगमंचावर एक बाई बराच वेळ गप्प उभी होती.
सगळं नाट्यगृह गप्प.
तेवढ्यात आमच्या मागे दोन रांगा सोडून
एक खुर्ची करकरली.
के चार. माझी मान खाली.
तिची स्प्रिंग बदलायची राहिली होती,
बिल मात्र लागलं होतं.
बाई आणखी थोडी थांबली,
जणू ती करकरही तिच्या भूमिकेत लिहिलेली,
मग बोलली. काय बोलली ते आठवत नाही,
हमीदा हसली एवढं आठवतं.
एवढ्यांच्या हसण्यात तिचं मला वेगळं ऐकू आलं,
उशिरा सुरू झालेलं,
सगळे थांबल्यावरही थोडं उरलेलं.
बावीस वर्षांत घरात ते एवढं लांब कधी गेलं नव्हतं.

मध्यंतरात सगळे वड्यांकडे पळाले.
म्हटलं, तू हो पुढे, आलोच.
आमच्याच रांगेत, तीन खुर्च्या पलीकडे,
एच सतरावर कुणीतरी स्वेटर ठेवून गेलेलं.
बाजूला केला.
नवी लाल मखमल, माझाच टाका,
दोन बोटं जातील एवढी फट.
किल्ली आत सरकवली,
गोंडा जरासा बाहेर राहू दिला.

"काय शोधत होता तिथे?" हमीदाच्या तोंडात वडा.
काही नाही. चटणी घे.

दुसरा अंक सुरू झाला.
स्वेटरवाली म्हातारी येऊन बसली,
कुणीतरी स्टेजवर मोठमोठ्याने भांडायला लागलं,
आणि मी
तिच्या हाताकडे बघत राहिलो.